पट्टी बघितली का?

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. बारीक आवाज मोठा करणे, एवढेच माझे काम.

मित्रांनो, माझा जन्म दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात झाला. मालकांनी सुटे भाग जमवून मला बांधले. मालकीणबाई शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभ्या होत्या. भिंतीतून येणारी वीज सारखी मागे-पुढे धावते. तिला एकाच दिशेने सोडायला माझ्या पोटात चार डायोड आहेत, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला रुपेरी पट्टी असते. ती भलत्या बाजूला आली की सगळाच घोटाळा. म्हणून कथिलाचा डाग देऊन डायोड जोडण्याआधी मालकीणबाई विचारायच्या,

"अहो, पट्टी बघितली का?"

"बघितली गं बाई! इतकी वर्षं हेच करतोय."

"म्हणून तर विचारतेय."

पुढे मी मालकांच्याच घरी आलो. खिडकीतले ऊन माझ्या जाळीवर सरकत राही आणि मी गात राही. शेजारी म्हणत, "काय गोड आवाज आहे हो!" मला वाटे, हे असेच चालणार.

मग मालकीणबाई गेल्या. माझ्यावर कापड पडले, कापडावर धूळ. मालक समोर बसत, पण बटणाला हात लावत नसत.

एका दुपारी त्यांनी एक टेप लावली. लेक लहान असताना मालकीणबाईंनी तिच्यासाठी गायलेली अंगाई होती ती. पण माझा एक डायोड थकला होता. माझ्या पोटातून नुसती घरघर निघाली आणि मालकीणबाईंचा आवाज तिच्यात बुडाला.

लेक म्हणाली, "बाबा, नवीन घेऊ ना."

"तिचा आवाज यातूनच ऐकायचाय मला."

मालकांनी चारही डायोड बदलले. एकट्याने, जाड चष्म्याआडून. नंतर नेहमीप्रमाणे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडला. तो क्षणभर पेटून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत चूक.

बल्ब लख्ख पेटला. तसाच राहिला.

"बाबा, बंद करा!"

मालकांनी वायर उपटली. बल्ब नसता तर माझा ट्रान्सफॉर्मर जळला असता, आणि तसा आता कुठे मिळत नाही. ते पुटपुटले, "एक उलटा बसला. कुणी विचारलंच नाही गं..."

लेकीने बॅटरी उचलली आणि माझ्या पोटात उजेड धरला.

"तिसरा उलटा आहे. काढा. आता नीट... पट्टी बघितली का?"

मालकांनी तिच्याकडे पाहिले. "तू बघ," ते म्हणाले.

या वेळी बल्ब पेटला आणि हळूच विझला. टेप फिरू लागली. माझ्या पोटात ऊब आली, घरघर नव्हती. त्या स्वच्छ शांततेत मालकीणबाई गाऊ लागल्या. मला वाटले, मी पुन्हा दुकानातल्या त्या पहिल्या टेबलावर आहे.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घरघरली म्हणून लगेच टाकून देऊ नका. आणि कुणी ती उघडून बसले असेल, तर शेजारी उभे राहून जरा उजेड धरा.

अंगाई मध्येच थांबली. मालकीणबाईंनी टेपमधून विचारले, "अहो, रेकॉर्ड होतंय ना?"

मालक माझ्या जाळीजवळ वाकले.

"होतंय गं," ते म्हणाले. "तू गा."