कडेचा निळा पट्टा

"मिस्त्री, सिमेंट माझ्याच घरात घातलंत ना? का वाटेत आणखी कुणाचं घर उभं राहिलं?"

ताईच्या टोमण्यावर म्हाताऱ्या गवंड्याने मान वळवली नाही. स्टुलावर उभा राहून तो खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी गेलेली भेग थापीने भरत राहिला. ताईचा धाकटा भाऊ समोर खुर्चीत बसला होता. हातातल्या चहावर साय धरली होती.

ताईची टकळी चालूच होती. विश्वासाने याच्या हाती घर दिलं आणि तीन वर्षांत भिंती तडकल्या. गल्लीत तिने एकेकाला सावध केलं होतं. कोपऱ्यावरच्या काकांनी तर याचं ठरलेलं काम काढून घेतलं. आता लाजेकाजेस्तव पदरचा माल घालून डागडुजी करतोय.

"बाई, हात तोच, माल तोच," गवंडी भिंतीकडे बघतच म्हणाला. "पण चुकलं असेल माझं कुठंतरी. भिंत काय खोटं बोलत नाही."

भाऊ चरकला. भिंत खोटं बोलत नव्हतीच.

भाऊ गॅस काढणाऱ्या कंपनीत होता. त्याचं काम असं. जमिनीखाली खोल, वाळूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत गॅस कोंडलेला असतो. तो उपसला की छिद्रांतला दाब उतरतो, वरच्या थरांचं ओझं खडकावर येतं, खडक चेपतो आणि वरची जमीन हळूहळू बसते. गॅस कुठून कसा वाहील, जमीन कुठे किती बसेल, हे तो संगणकात खडकाची प्रतिकृती करून काढायचा. आता अख्खी पृथ्वी काही संगणकात मावत नाही. प्रतिकृतीला कुठेतरी कड द्यावी लागते, आणि त्या कडेला बजावून ठेवावं लागतं, बाई गं, तू हलायचं नाहीस. ही कड दूर ठेवायची असते, खरोखरच काही हलत नाही अशा ठिकाणी. याने ती जवळ ओढली. गणित लवकर सुटतं म्हणून, साहेबांना घाई होती म्हणून. आणि आळसाला निमित्त हवं असतं, ते मिळालं म्हणून.

प्लॉट घेताना ताईने विचारलं होतं, इथे बांधू ना रे? त्याने नकाशा उघडून दाखवला. मधे गॅसच्या विहिरींपाशी जास्त बसणारं लाल, भोवती कमी बसणारं पिवळं, आणि ताईचा प्लॉट पार कडेच्या निळ्या पट्ट्यात. निळं म्हणजे शून्य. केसभरही हलणार नाही, असं त्याने छातीठोक सांगितलं. ते शून्य खडकाने दिलेलं नव्हतं, यानेच घातलेलं होतं. माणसाची जातच अशी. कुंपण आपणच घालायचं, आणि मग देवाशपथ सांगायचं की पलीकडे रान नाही.

परवा जमिनीची नवी मोजणी आली. त्याने कड लांब नेऊन गणित पुन्हा केलं, आणि निळा पट्टा पिवळा झाला. साहेब म्हणाले, बघू, पुढच्या अहवालात दुरुस्ती टाकू. गल्लीत कुणाला सांगावं, हे साहेबांच्या मनातही आलं नाही. याच्या मनात आलं, म्हणून तर हा इथे आला होता, आणि येऊन चहा धरून बसला होता.

"ताई, भिंत त्यांनी नीट बांधलीय," तो एकदाचा बोलला. "खालची जमीन बसतेय. ती बसणार नाही असं मी सांगितलं. ते चुकीचं होतं."

ताई हसली. गवंड्याला म्हणाली, याचं लहानपणापासून असंच हो, शाळेत दुसऱ्याने काच फोडली तरी हा हात पुढे करायचा.

ती काच यानेच फोडली होती.

गवंडी स्टुलावरून उतरला. त्याचे डोळे भरले होते. "साहेब, मोठ्या मनाचं बोललात. पण माझं पाप तुमच्या माथी नको."

पाया खचून जावा तसा भाऊ खचला. कबुलीसुद्धा त्याच्या मोठेपणाच्या खाती जमा होत होती. तो उठला, गवंड्याच्या बादलीतला भिजलेला स्पंज उचलून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या कडेवर फरशीचा तुकडा ठेवला. पाणी निथळत गेलं, स्पंज बसला, फरशी एका अंगाने कलली. "हे तुझं घर," तो म्हणाला. "भेग तिरकी का, ते बघ."

ताईने वाकून कललेल्या फरशीला बोट लावलं. "मग तेव्हा ते निळं दाखवलंस ते?"

"ते मीच भरलेलं होतं."

तिने गवंड्याकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

गवंड्याने हात धुतले. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने एवढंच विचारलं, "साहेब, हे जरा कोपऱ्यावरच्या घरात येऊन सांगाल?"

तिघे निघाले. भावाने बेल दाबली. आतून काका ओरडले, दार हल्ली अडकतंय, बाहेरून लोटा. त्याने खांदा लावला. दार फरशी खरडत उघडलं. काकांची नजर त्याच्या मागे, खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या गवंड्यावर गेली आणि चेहरा आंबट झाला.

"यांना कशाला आणलंत?"

"मी नाही आणलं," भाऊ म्हणाला. "त्यांनी मला आणलंय."