पिवळ्या दिव्याखालचं काळीज

"मॅडम, तुमच्या या दिव्याने कुणाचं हृदय बंद पाडता येतं का?"

मी हे विचारणार नाही, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, चष्मीश आणि लंबूने लावली होती. त्यांच्या डोक्यात आमच्या वर्गातला भाव खाणारा एक मुलगा होता. आणि मी हल्ली कुणालाही काहीही विचारते. वर्षभर तोंडाला कुलूप होतं, त्याची भरपाई चालू आहे. विचारून टाकलं, आणि मागची खुसखुस एकदम थांबली. त्या दोघींना आत्ता दादा आठवला होता.

माझा दादा गेल्या वर्षी शाळेच्या मैदानावर पळता पळता पडला. सतरा वर्षांचा, कधी साधी सर्दी नाही. हृदयातली वीज भरकटली, असं डॉक्टर म्हणाले. बाबा मैदानाच्या कडेलाच उभे होते. रुग्णवाहिका येईपर्यंत ते त्याची छाती दाबत मोठमोठ्याने आकडे मोजत राहिले.

आमचा वर्ग जी प्रयोगशाळा बघायला आला होता, तिथल्या मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. "पाडता येतं की," त्या म्हणाल्या. "ये, तूच पाड."

सूक्ष्मदर्शकाखाली माशाचं इवलंसं पिल्लू होतं, काचेसारखं आरपार. आत एक लाल ठिपका धडधडत होता. उजेड पडला की जागं होऊन ठोका अडवणारं एक प्रथिन त्याच्या हृदयात घातलेलं आहे. ठोका जिथून सुटतो, नेमक्या तिथे पिवळा उजेड पाडायचा.

"एकेक जागा अशी तपासली की कळतं, वीज कुठून निघते, कुठे वाट चुकते. बटण दाबून धर आणि मोठ्याने मोज. दहाच्या आत सोडायचं, आमचा नियम आहे."

दाबलं. ठिपका थांबला.

एक, दोन, तीन. माझा आवाज बाबांसारखा येत होता. सात. आठ. बोट निघेना. शेवटी मॅडमनीच ते उचललं आणि माशाला म्हणाल्या, "चल रे बाळा."

काहीच नाही. मग एक ठोका. मग दुसरा, जसं काही झालंच नव्हतं.

"माणसाचं पण होतं असं परत चालू?"

"हे आम्ही थांबवलं, म्हणून आम्हाला सोडता आलं. आपलं आपण थांबतं, ते अजून शिकतोय. पण आधी कळलं तर आजही पुष्कळ करता येतं. म्हणून तर घरात एखाद्याला झालं की भावंडांना तपासतात."

चष्मीशने माझा हात धरला. पैज कोण जिंकलं, ते कुणी काढलंच नाही.

भावंडांना तपासा, असं इस्पितळाचं पत्र आमच्या कपाटात आईच्या शालीखाली आहे. मी दोनदा चोरून वाचलंय. बाबा एकदा चाचरत म्हणाले, "फोन करून बघू का?" आई म्हणाली, "एक गेला. आता हिच्याबद्दल मला काही ऐकायचं नाही." तेव्हापासून खेळाच्या तासाला मी बाकावर.

संध्याकाळी जेवायला बसलो. दादाच्या खुर्चीवर नेहमीसारखे घडी न केलेले कपडे. मी ते उचलून पलंगावर ठेवले, खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. आईचा घास हातातच राहिला.

"आई, बाबा, मी तपासून घेणार आहे. शनिवारी, दहा वाजता. फोन मीच केला. अठराची नाही, म्हणून एकाने तरी सोबत यायला लागेल. पण मी तुम्हा दोघांनाही नेणार आहे."