न खाल्लेला खर्रा

मुखरूभाऊंचा जबडा हलत होता. डावीकडून उजवीकडे, संथ, एका लयीत. मध्येच ओठ मिटून एक घोट गिळल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा तेच सुरू. डाव्या हाताचा अंगठा मांडीवरच्या खाकी कापडावर घासत होता, पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खर्रा घोटताना घासतात तसा. बघणाऱ्याला त्यात वावगं काही दिसलं नसतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुठल्याही पानठेल्यासमोर उभं राहावं, अशी माणसं दिसतातच.

फक्त मुखरूभाऊंच्या तोंडात खर्रा नव्हता. सकाळी पेशंटला घेऊन अहेरीला निघण्याआधी डॉ. चंचलने टॉर्च लावून त्यांचं तोंड तपासलं होतं. गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून तिने पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना खर्रा सोडायला लावला होता, आणि चट्टा आता बराच निवळला होता. अहेरीहून परत निघाल्यापासून अँब्युलन्स कुठे थांबली नव्हती. ती पूर्ण वेळ त्यांच्या शेजारी बसली होती.

"मुखरूभाऊ," ती म्हणाली.

ते समोर बघत होते. डोळे उघडे होते, रस्त्यावर होते, पण रस्ता बघत नव्हते.

"मुखरूभाऊ, वळण आहे."

सागाची झाडं संपून उतार लागला होता. खाली नाल्यावरचा रपटा, पाण्यालगतचा बुटका पूल, दिसत होता. त्याला कठडा नव्हता, दोन्ही बाजूंनी गढूळ पाणी वाहत होतं. वळण जवळ आलं तरी स्टेअरिंगवरचा उजवा हात हलला नाही. ब्रेकवर पाय गेला नाही.

चंचलने हँडब्रेक ओढला आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग स्वतःकडे खेचलं. गाडी रस्ता सोडून कडेच्या मुरमाच्या ढिगावर चढली, तिरकी झाली, हिसका देऊन बंद पडली. मागच्या भागात ऑक्सिजनचा सिलिंडर पट्ट्यात अडकून आपटला. मग फक्त पाण्याचा आवाज.

मुखरूभाऊ अजून चघळत होते.

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. जबडा मंदावला. अंगठा थांबला. त्यांनी एक मोठा घोट गिळला, पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि काचेतून समोरच्या मुरमाकडे पाहिलं.

"डुक्कर होतं ना?"

"कुठलं डुक्कर?"

"आडवं आलं ना, मॅडम. म्हणून तर..." त्यांची नजर हँडब्रेकवर गेली. "हा काऊन ओढला तुम्ही? गाडी पलटली असती ना!"

"आज वार कोणता, भाऊ?"

"बुध..." ते थांबले. "नाई जी. गुरुवार. काऊन?"

तिने मागून पेटी आणली. त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, दोन्ही हात पुढे धरायला लावले, हसायला लावलं. साखर ठीक. हात दोन्ही सारखे. चेहरा सरळ. सगळं बरोबर होतं, आणि भीती त्याचीच होती. दहा मिनिटांपूर्वी मागे सलाइन लावलेली बाई असती आणि गाडी नाल्यात गेली असती, तरी निघताना केलेल्या तपासणीत काहीच सापडलं नसतं.

"खाली उतरा. इकडे बसा. गाडी मी चालवते."

"तुम्ही?" मुखरूभाऊ खरोखर हसले. "तिकडे गावी पोंभुर्ण्यात बाबाची कार चालवली म्हणून हे धूड चालन का?"

"चालेल तितकं चालेल."

ती गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नेत होती. रपट्यावर तिने श्वास धरला. मुखरूभाऊ डाव्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते. "क्लच, मॅडम, क्लच! ते स्टेअरिंग आहे, बैलाची शिंगं नाई. सैल धरा." थोड्या वेळाने पुन्हा, "असं चाललो तर पुढची दिवाळी रस्त्यातच."

ती हसली नाही. तिने विचारलं, "असं होण्याआधी कसला वास येतो का?"

दोन वळणं गेली.

"मोह जळल्यावानी येते," ते म्हणाले. "अन पोटातून काईतरी वर चढते. पण जंगलच आहे ना, मॅडम. मोहाचा वास कुठीबी येते."

"मोहफुलं चैत्रात पडतात, भाऊ. आता भादवा चालू आहे."

ते खिडकीबाहेर बघू लागले.

"जूनमध्ये बंपर चेपला तेव्हा रोही आडवी आली म्हणालात."

"हो ना."

"पाहिली तुम्ही ती नीलगाय?"

प्राथमिक आरोग्य केंद्राचं फाटक येईपर्यंत त्यांनी क्लचबद्दलही टोकलं नाही.

केंद्राच्या आवारात सुरज टाकीत पाणी भरत होता. तो गावातला ट्रॅक्टरवाला, आणि केंद्रातल्या ललिता सिस्टरचा नवरा. अँब्युलन्समधून चंचल ड्रायव्हरच्या बाजूने उतरलेली पाहून त्याने पाइप हातात तसाच धरून ठेवला. ललिता व्हरांड्यात आली, पदर तोंडाला लावून हसत.

"हे काय जी, मुखरूभाऊ? मॅडमनं गाडी काढून घेतली? खर्रा पकडला वाटते!"

केंद्रात हा खेळ बरेच दिवस चालू होता. मुखरूभाऊंनी खर्रा सोडल्याची शपथ सगळ्यांसमोर घेतली होती, आणि मग एकेकाने त्यांना चोरून चघळताना पाहिलं होतं. शिपायाने पाहिलं, ललिताने पाहिलं. ते शपथेवर नाकारत, त्यामुळे मजा वाढत गेली होती. चंचलनेही एकदा पाहिलं होतं. ते औषधांच्या खोलीच्या दारात उभे होते, हातातला चहा पार निवलेला, तोंड हलतंय. तिने हाक मारली होती, त्यांनी उशिरा ओ दिली होती. माणूस थकलाय, असं तिने त्या दिवशी स्वतःला सांगितलं. या एका माणसाशिवाय या केंद्राची गाडी हलत नव्हती, आणि दुसऱ्या केंद्राची गाडी यायची तर घाट आणि तीन नाले ओलांडून.

"माझ्याजवळ तर पुरावा आहे," ललिता म्हणाली. "गेल्या आठवड्यात रंगेहात पकडलं. ग्रुपवर टाकणार होती, यांनी हातापाया पडून थांबवलं."

"दाखव," चंचल म्हणाली.

"आता?"

"आता. भाऊ, तुम्हीपण बसा."

आत जाऊन ललिताने मोबाइल टेबलावर चहाच्या बरणीला टेकवला. व्हिडिओत मुखरूभाऊ इथल्याच बाकावर बसले होते. जबडा हलत होता. ललिताचा आवाज आला, हसू दाबत: 'पकडले! उघडा तोंड, भाऊ. उघडा ना जी.' मोबाइल त्यांच्या चेहऱ्याजवळ गेला. 'भाऊ?' डोळ्यांसमोर हात हलला, बोटांनी चुटकी वाजवली. पापणी लवली नाही. अंगठा तळव्यावर घासत होता, आणि तळव्यात काही नव्हतं. 'काय नाटक करून राह्यले बापा,' ललिता चित्रात म्हणाली आणि हसली. बरंच हसली. मग मुखरूभाऊंनी घोट गिळला, आजूबाजूला पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, 'चहा झाला का?'

चित्र संपलं. ललिताने मोबाइल उचलला नाही.

"मले वाटलं मस्करी करून राह्यले," ती हळूच म्हणाली.

"पुन्हा लाव," मुखरूभाऊ म्हणाले.

त्यांनी ते पुन्हा पाहिलं. चुटकी वाजली तिथे त्यांनी मान पुढे केली. संपल्यावर त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं.

"ही फिट आहे, भाऊ," चंचल म्हणाली. "मेंदूच्या एका कोपऱ्यात वीज चुकीची उसळते. तेवढा वेळ माणूस जागा दिसतो, पण नसतो."

"मिरगी म्हणता?" त्यांचा आवाज चढला. "मिरगी मी पाहिली आहे, मॅडम. माणूस पडते, फेस येते, हातपाय झाडते. किती जणायले मीच उचलून गाडीत टाकलं. मी कुठी पडलो? सांगा ना, कुठी पडलो?"

"प्रत्येक फिटमध्ये माणूस पडत नाही. काहींमध्ये तो फक्त चघळतो. दुसरीकडे कोणी लगेच ओळखलं असतं. इथे कोण ओळखणार? सगळेच चघळतात."

सुरज दारात येऊन उभा होता. पाइपातून पाणी आवारात वाहत होतं, कोणी बघत नव्हतं.

"ते तीन साल आधी मोटारसायकलवरून डोक्यावर पडलो होतो, त्याचं असन का?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"असेल. किंवा मेंदूत कुठे जंताची गाठ असेल. फोटो काढल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. चंद्रपूरला एमआरआय करू, ईईजी करू. गोळी आजच चालू करते. बहुतेकांना गोळीने चांगला फरक पडतो." ती थांबली. पुढचं वाक्य तिने गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये, बऱ्याचदा मनात म्हणून पाहिलं होतं. "पण आजपासून स्टेअरिंग नाही. पुढे कितीतरी महिने एकही झटका आला नाही, तर मग बघू."

"अन तोवर गाडी?"

"ते मी तालुक्याला बोलते."

"तालुका!" ते हसले, पण तोंड वेडंवाकडं झालं. "तालुका माणूस देईपर्यंत इथल्या बाया काय खाटेवर जाणार आहेत का? मागचं विसरले तुम्ही? सोमारीच्या मागच्या बाळंतपणात मी तिले रात्रभर पाण्यातून आणलं. कोण आणते असं?"

"कोणी नाही," चंचल म्हणाली.

"मग?"

"आज मागे कोणी नव्हतं, भाऊ. म्हणून आपण इथे बसून बोलतोय."

तिने गोळी आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवला. "इथल्या लोकांना तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून यावं असं मला वाटतं. पण संध्याकाळपर्यंत नाही सांगितलं, तर मी सांगणार."

त्यांनी गोळी घेतली नाही. ग्लास सरकवून ते बाहेर गेले आणि अँब्युलन्सच्या पायरीवर बसले. चेपलेल्या बंपरवर हात ठेवला. मग शर्टाच्या बाहीने त्यावरचा मुरूम पुसला.

फोन वाजला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. गाडीचा फोन त्यांच्याच खिशात असायचा, आणि ऐकू कमी येतं म्हणून ते तो नेहमी स्पीकरवर ठेवायचे. नाल्यापलीकडच्या वस्तीवरच्या आशासेविका सोनीबाई बोलत होत्या. पलीकडे बायांचा कलकलाट होता.

"मुखरूभाऊ, लवकर या जी. सोमारीच आहे. पाणी गेलं, अन रक्त पण जाऊन राह्यलं. मागच्यावानीच."

चंचल व्हरांड्यात आली. ललिता आधीच प्रसूतीची पेटी घेऊन धावत होती.

मुखरूभाऊ उठले. हात सवयीने खिशात गेला, चावी आली, दार उघडलं आणि ते बसले. इंजिन सुरू झालं. फोन डॅशबोर्डवर ठेवलेला, सोनीबाईचा आवाज त्यातून येत होता: "भाऊ? ऐकून राह्यले ना?"

चंचल चालत जाऊन ड्रायव्हरच्या उघड्या दारापाशी उभी राहिली. तिने दार धरलं. आत हात घालून चावी ओढून घेता आली असती, आणि गाडी थांबली असती, पण मग सोमारीकडे जाणार कोण? रपट्यावरून ही गाडी रक्त जाणाऱ्या बाईसाठी वेगाने नेणं तिच्याच्याने झालं नसतं, आणि बाईजवळ मागे तिलाच बसावं लागणार होतं. मुखरूभाऊंचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. इंजिन घोंघावत होतं. त्यांचा डावा हात गिअरवर होता, आणि ती त्या अंगठ्याकडे बघत होती.

अंगठा स्थिर होता.

"भाऊ, बोला ना जी!" फोनमधून आवाज आला. "किती वेळ लागन?"

त्यांनी पाय काढला. इंजिनचा आवाज खाली आला, पण बंद झाला नाही. त्यांनी मान वळवून आवाराकडे पाहिलं. सुरज पाइप टाकून तिथेच उभा होता, बाजूला शिपाई, पायऱ्यांवर ओपीडीला आलेली चार-दोन माणसं, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी हात उचलून सुरजला बोलावलं, आणि तो धावत आला तेव्हा ते सीटवरून सरकत डाव्या बाजूला गेले. फोन उचलून त्यांनी तोंडाजवळ धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"सोनीबाई, गाडी निघून राह्यली. पाय वर करून ठेवा तिचे. पण चालवणार सुरज आहे, मी नाई. मी बाजूले बसून रस्ता सांगीन. मले फिट येते, बाई. मी आता गाडी नाई चालवत."