हातच्याची वजाबाकी

तीन जानेवारीला सकाळी शाळेत पाय ठेवला आणि निवृत्तीचं पत्र हातात पडलं. म्हणे, मला साठ पूर्ण! माझा जन्म एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे पासष्टचा, आणि आत्ता कुठे दोन हजार पंचवीस लागलंय. मार्चमध्ये दहावीची परीक्षा. पोरांचं गणित अर्ध्यावर सोडून मी घरी बसायचं? माझं डोकंच फिरलं.

तडक केशवापूरला संस्थेच्या ऑफिसात गेले. चिटणीस गुरुप्रसादअण्णा आपल्याला नातू झाल्याचे पेढे वाटत होते.

"घ्या की, इंदुमतीबाई. यादी कॉम्प्युटरनं काढलीय, आम्ही नाही."

कॉम्प्युटरवर बसला होता मयूर, माझाच विद्यार्थी.

"वय कसं काढलंस रे?"

"क्वेरी लिहिलीय बाई, यादी काढायचं सूत्र. चालू साल वजा जन्मसाल."

"आणि महिने, दिवस कुठे गेले?"

सातवीत याला मीच दिवसाखाली दिवस, महिन्याखाली महिना मांडून हातच्याची वजाबाकी शिकवली होती. पत्राच्या पाठीवर ती पुन्हा मांडली. एकोणसाठ वर्षं, एक महिना, पंधरा दिवस.

"बिडी बाई, सोडा. थोडा इकडचा तिकडचा फरक," चिटणीस कानडी-मराठी मिसळून म्हणाले.

"थोडा? तुमचा नातू कधीचा?"

"अठ्ठावीस डिसेंबरचा."

"घाल रे मयूर ही तारीख."

स्क्रीनवर आलं, वय वर्ष एक.

"अण्णा, बारसं व्हायच्या आधीच पोरगं वर्षाचं झालं. आता बालवाडीचं बघा!"

चिटणीसांनी पेढ्यांचा पुडा मिटला. "बरं, तुमच्यापुरतं हातानं दुरुस्त करतो. झालं?"

मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण यादीत बारा नावं होती. त्यात आमची शिपाई यमुना, डिसेंबरात जन्मलेली. तिला कुठली वजाबाकी! सकाळीच शाळेच्या चाव्या टेबलावर ठेवून ती रडत घरी गेली होती.

"नाही. क्वेरीच दुरुस्त करायची, आत्ता. तोवर मी इथून उठत नाही."

मयूरनं चिटणीसांकडे पाहिलंसुद्धा नाही. यंदाचा वाढदिवस अजून यायचा असेल तर एक वजा, अशी अट त्यानं घातली आणि यादी पुन्हा काढली. बारातलं एकही नाव उरलं नाही.

"नवीन पत्रं पुढच्या आठवड्यात..."

"आज," मी म्हटलं, आणि बाराही पत्रं रद्द केल्याच्या नव्या पत्रांवर चिटणीसांच्या सह्या घेतल्या.

यमुना आपल्या घराच्या दारातच गुडघ्यात डोकं घालून बसली होती. नवं पत्र तिच्या हातात दिलं. "ऊठ," म्हटलं, "उद्या शाळा तूच उघडायचीस."