गालाचा रंग

"गाल पुढे कर," बाबा म्हणाले.

मी केला. सळईच्या टोकाला काचेचा थेंब निवत आला होता. तो माझ्या गालाजवळ धरून त्यांनी डोळे बारीक केले. मी जन्मल्यापासून आमच्या भट्टीत चेहऱ्यांच्या काचेचा रंग असाच ठरतो. त्याआधी आईचा गाल असायचा.

कुंडीत नुसती बीचच्या झाडाची राख आणि वाळू. वितळली की आधी पिवळी, मग माणसाच्या कातडीसारखी, आणि तापतच राहिली तर जांभळी. मधली वेळ अगदी थोडी. तेवढ्यात "आता!" म्हणून ओरडायचं, हे बाबांचं काम. त्या काचेतून चर्चच्या खिडक्यांसाठी संतांचे चेहरे कापतात.

मागच्या दोन कुंड्या जांभळ्या झाल्या.

"एबर्लिन, हे असले गारठलेले संत बघून लोक त्यांच्यावरच कांबळी घालतील," भट्टीचे मालक सकाळीच बाबांना म्हणाले होते. "आज बिघडलं तर दुसरा माणूस आणतो. झोपडी त्याला लागेल."

झोपडी म्हणजे आमचं घर.

मठातल्या शाळेत सगळ्यांत मोठा आवाज माझा. मदर म्हणतात, इर्मेलच्या तोंडाला झाकणच नाही. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आगीत बघून बघून बाबांच्या डोळ्यांवर साय आलीय. परवा त्यांनी माझी लोकरी टोपी मांजर समजून हाकलली.

मी ऐटीत ठरवून आले होते, रंग जुळला की हळूच बाबांचा अंगठा दाबायचा. आणि इथे आल्यावर लक्षात आलं, स्वतःचा गाल स्वतःला दिसतो कुठे! हात बघितला, तर राखेने करडा.

"काय एबर्लिनदादा," काच फुंकणारा कुन्त्सकाका म्हणाला, "आज पण आलुबुखारच पिकवायचेत का?"

सगळे हसले. बाबा माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघत होते. मग त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि सळई मुठीत दिली.

"मालक, मला दिसत नाही. मागच्या दोन्ही कुंड्या अंदाजाने सांगितल्या. हिला विचारा."

"पोरीला? भट्टीवर?"

"मग कुणाला? कुंडी थांबायची नाही."

मालकांनी कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बोल गं!"

मी नवा थेंब काढला, निवू दिला. भट्टीपुढच्या सगळ्यांचे गाल भाजून विटेसारखे झालेले. मालकांचाच तेवढा, दाढीच्या वरचा, न भाजलेला. थेंब सरळ तिथे नेला.

"ए, ए! दाढी जळेल!"

"हलू नका, मालक! अजून पिवळाय."

पुन्हा थेंब. "अजून नाही." मालक घामाने निथळत होते, पण हलले नाहीत. आणखी एक थेंब.

"आता!" मी अशी ओरडले की बाहेरची गाढवं बुजली.

फुंकणारे धावले. मालकांनी गाल चोळला. "उद्या उजाडताच ये. मठात निरोप धाडतो, शाळा बास म्हणून. झोपडी राहू दे तुमच्याकडे."

बाबांना कुणी काही नवं काम सांगितलं नव्हतं. ते राखेच्या छपरीत गेले, चाळण घेतली आणि बोटांनी कोळसे वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी काच निवल्यावर कुन्त्सकाका पहिला तुकडा घेऊन तिकडे गेला. पहिला तुकडा बाबांना दाखवायची रीतच आहे. मी भट्टीजवळून बघत होते. बाबांनी हात पुसले, काच घेतली आणि उजेडात बघावी तशी वर धरली. समोर भिंत होती. दार पाठीमागे.

"सुरेख आलीय," ते म्हणाले.

ती परत हातात मिळेपर्यंत कुन्त्सकाका टोपी काढून उभा राहिला.