शेवटचा स्क्रू

साहेब, तुमच्या शवागारातलं थंडाव्याचं यंत्र बंद आहे, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्याच रखवालदारानं सकाळी येऊन सांगितलं होतं. तरी तुम्ही वच्छलाबाईंना म्हणालात, मुलगी मस्कतहून येईपर्यंत काही होत नाही, बिनघोर जा. आणि त्यांच्या नवऱ्याला, आमच्या धोंडबाला, आत ढकललंत. नागपुरात, मे महिन्यात.

धोंडबा कोण होता, ते तुम्ही विचारलंही नाही. लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरा मशीनमागे तो शवपेट्या करायचा. आमच्या वस्तीतली ख्रिस्ती माणसं त्याच्याच पेटीतून मातीला गेली. झाकणाला त्यानं कधी खिळा ठोकला नाही. स्क्रू लावायचा, आणि शेवटचा एक मागे ठेवायचा. घरच्यांनी चेहरा पाहून घेतला की पेचकस त्यांच्या हाती द्यायचा. जोडीदार रामाजीनं घाई केली तर म्हणायचा, "थांब नं गा. पाहू दे त्यायले."

चारुशीला विमानतळावरून थेट चर्चमध्ये आली, तेव्हा बापाची पेटी बंद होती. रामाजीनं एक सोडून सगळे स्क्रू करकचून आवळले होते. तरीही वास येतच होता. पुढच्या बाकावरच्या बायका पदर नाकाला लावून मागे सरकल्या होत्या. चारुशीला झाकणाकडे गेली, तशी आईनं तिचं मनगट धरलं.

"नको वं माय. तुह्या डोक्यातला बाप तसाच राहू दे."

कबरीपाशी पाळकसाहेब वाचू लागले: विनाशीपणात पेरलं जातं, अविनाशीपणात उठवलं जातं. वच्छलाबाईंनी मध्येच विचारलं, विनाशीपण म्हणजे काय जी? त्यांनी हळू आवाजात समजावलं. मूळ ग्रीक शब्द फ्थोरा. सडणं, नासणं, विरून जाणं. बी मातीत तसंच नासतं, म्हणून तर अंकुर येतो. त्यात माणसाची बेअब्रू नाही.

"मातीत गेल्यावर नं जी?" बाई म्हणाल्या. "हे तं आधीच नासले."

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं.

रामाजीनं पेचकस पुढे केला. बाईंनी तो चारुशीलाच्या हाती दिला. बापाचा चेहरा न पाहताच तिनं शेवटचा स्क्रू फिरवला.

यंत्र बंद आहे, एवढं बोलला असतात, तर आम्ही धोंडबाला घरीच बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं असतं. का बोलला नाहीत? त्या पोरीसमोर उभं राहून सांगा.