भिंतीवरची कोरी चकती

स्मारकाच्या भिंतीचे फोटो काढायचे म्हणजे उन्हाशी भांडण. बोट बुडाली तेव्हा गेलेल्या प्रत्येकाचा चेहरा तिथे चिनीमातीच्या गोल चकतीवर भाजून बसवलेला, आणि ऊन पडलं की चकत्या अशा चमकायच्या की चेहरा दिसायचाच नाही. म्हणून फोटोवाला काळी छत्री घेऊन ढगाची वाट बघत बसायचा. ढग आला की उठायचा, छत्री आडवी धरून एखादा चेहरा टिपायचा आणि ढग सरकला की आभाळाच्या नावाने खडे फोडत पुन्हा बसायचा. उभा जन्म पासपोर्टचे फोटो काढण्यात गेलेला, त्यामुळे तो चकतीवरच्या चेहऱ्यालाही सवयीने म्हणून जायचा, "हनुवटी जरा वर." मग स्वतःचीच लाज वाटून इकडेतिकडे बघायचा.

कित्येक वर्षांपूर्वी त्या बोटीसाठी अख्खा देश रडला होता. आता स्मृतिदिनाला सरकार एक पुस्तक काढणार होतं, प्रत्येक चेहऱ्याला एक पान. पण भिंतीवर एक चकती कोरी होती. खाली नाव आणि वर नुसता पांढरा गोल. पुस्तकाचं काम बघणारे साहेब त्या गोलावर भारी वैतागले होते.

"छापल्यावर चूक वाटेल हो ती," ते म्हणाले. "फोटो मिळाला तर नवी चकती करून घेऊ. घरच्यांनी भिंतीपाशी येऊन 'हा आमचाच' एवढं सांगायचं. नाही मिळाला तर मी तिथे फूल टाकून मोकळा होतो."

हा निरोप घेऊन फोटोवाला कोऱ्या चकतीखाली ज्याचं नाव होतं त्या मुलाच्या घरी गेला. दार बहिणीने उघडलं. ती आणि तो बुडालेला मुलगा जुळी भावंडं. तिने टेबलावर फोटोंचा ढीगच ओतला. प्रत्येक फोटोत तिचा भाऊ होता आणि चेहरा एकातही नव्हता. कुठे तोंडापुढे पंजा, कुठे ऐन वेळी फिरवलेली मान, कुठे उडी मारल्यामुळे नुसते पाय.

"कॅमेरा दिसला की त्याच्या अंगात यायचं," ती म्हणाली. "आई ओरडायची, मेल्या, एकदा तरी सरळ बघ. की हा आणखी चेकाळायचा."

"ओळखपत्रावरचा तरी असेल?"

"ते त्याच्या खिशात होतं."

तो सापडलाच नव्हता, त्यामुळे पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. आतल्या खोलीत आईच्या खोकण्याचा आवाज आला तशी तिने स्वर खाली आणला. "आई रोज तिथे जाते, काका. बाकीच्या आया चेहऱ्यावरून हात फिरवतात आणि ही त्या पांढऱ्या गोलावरून फिरवते. आता तिच्याच्याने फार दिवस होणार नाही. तिला एकदा तिथे त्याचं तोंड दिसू दे. फूल नका हो टाकू."

दोन दिवसांनी ती स्टुडिओत आली तेव्हा फोटोवाल्याने तिला ओळखलंच नाही. केस पोरासारखे बारीक कापलेले, अंगात भावाचा जुना शर्ट.

"माझा काढा. नाकीडोळी आम्ही सारखेच होतो."

"अहो ताई, हे खोटं होईल."

"होऊ दे. खोट्याचं पाप माझ्या माथी."

तिच्या डोळ्यांकडे बघून फोटोवाल्याची जीभ रेटेना. त्याने तिला स्टुलावर बसवलं. मग संगणकावर डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसल्या, जबडा रुंद केला, ओठांवर मिशीची कोवळी सावली टाकली. होतं नव्हतं ते सगळं कसब त्याने ओतलं. शेवटी पडद्यावर खरोखर एक तरणा पोरगा उभा राहिला आणि, खोटं कशाला बोला, फोटोवाल्याची छाती फुगली.

ठरल्या दिवशी त्याने तो फोटो गोल कापून कोऱ्या चकतीवर चिकटवला. साहेब आले. बहीण डोक्याला रुमाल बांधून आईला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीने नेहमीसारखा हात वर केला आणि तो तसाच हवेत थांबला. ती पुढे झाली. नाक जवळजवळ चकतीला टेकवून बघत राहिली.

"आजी, हाच ना?" साहेबांनी विचारलं.

"ही माझी मुलगी आहे."

साहेबांनी वळून फोटोवाल्याकडे बघितलं. म्हातारी चकतीकडेच बघत होती.

"तो एवढा गप कधी बसला होता? बस म्हटल्यावर बसणारी माझ्या घरात एकच होती." आणि मग काय झालं ते तिला एकदम कळलं असावं, कारण ती नखांनी फोटो ओरबाडायला लागली. "माझी पोर जिवंत आहे! हिला कोणी लावलं इथे? हिला का लावलं?"

"आई, मीच सांगितलं. तुला त्याचं तोंड दिसावं म्हणून."

ओढाताणीत बहिणीचा रुमाल सुटला. ते कापलेले केस बघून म्हातारीने तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि त्याच हाताने तिला पोटाशी ओढलं. "इतकी वर्षं मी या गोलाकडे बघत बसले गं. तुझ्याकडे बघायचं राहूनच गेलं."

फोटोवाल्याला आपल्या हातांचं काय करावं ते सुचेना. त्याने गुपचूप फोटोचे कपटे वेचले आणि खिशात घातले.

"मग इथे फूल..." साहेबांनी चाचरत विचारलं.

"काही नको. कोरंच छापा," म्हातारी म्हणाली आणि फोटोवाल्याकडे वळली. "तुम्ही हिचा फोटो काढा. हिचा म्हणून. पण इथे नको, तिकडे पलीकडे."

तिघं रस्ता ओलांडून गेली. बहीण एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. फोटोवाल्याला वाटलं, आई आता तिच्या शेजारी बसेल, म्हणून त्याने चौकटीत तिच्यापुरती जागा ठेवली. पण म्हातारी कॅमेऱ्यापाशी, त्याच्याच बाजूला येऊन उभी राहिली.

"काढू?" त्याने विचारलं.

"थांबा जरा," आई म्हणाली. "मला बघू दे."